पाया किती वर्षं घालायचा? सातवीच्या इंग्रजीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

'मराठी शाळेतल्या सहावी ते आठवीच्या मुलांना वरच्या दर्जाचं इंग्रजी शिकवायला हवं' या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर निवृत्त इंग्रजी शिक्षक आहेत, सगळी नोकरी जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. त्यांचं म्हणणं असं: आठवीतल्या निम्म्या मुलांना इंग्रजीतलं साधं वाक्य वाचता येत नाही, तिथे प्रगत इंग्रजीच्या गप्पा मारणं ही शहरी हौस आहे. पाया कच्चा असताना वरचं शिकवलं की मुलं घाबरतात आणि इंग्रजीच सोडून देतात. शिवाय हा सगळा प्रकार शेवटी मराठीच्या मुळावर येतो. आणि शेवटी त्यांनी विचारलंय, 'तुमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचं काय?'

सर, आकड्यापासून सुरुवात करते, कारण तुमचा आकडा खरा आहे. खेड्यांतल्या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या ४६.७ टक्के मुलांनाच इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. म्हणजे न वाचता येणारी निम्म्याहूनही जास्त. पाचवीत वाचता येणारी २४.५ टक्के. पण त्याच अहवालात २०१६ चे आकडेही शेजारी दिले आहेत: आठवी ४५.३, पाचवी २४.७. सहा वर्षांत आकडा जवळजवळ जागचा हललेला नाही. ही सहा वर्षं आपण मुलांना काही फार अवघड शिकवत होतो का? मी ज्या शाळा पाहिल्या, जी प्रशिक्षणं केली, त्यांत तरी आपण पायाच घालत होतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आठवीत बसलेल्या मुलाने आठ वर्षं हा विषय घेतलेला असतो. आणि तरी दर जूनमध्ये पुन्हा एकवचन-अनेकवचन, विरुद्धार्थी शब्द, 'इज-अ‍ॅम-आर'च्या गाळलेल्या जागा. पाचवीत तेच, सहावीत तेच, सातवीत तेच. मुलाला कळेनासं होतं की हे सगळं कशासाठी चाललंय. माझं ठाम मत आहे, की पुष्कळ मुलांना इंग्रजी अवघड आहे म्हणून सुटत नाही. त्यात विचार करण्यासारखं काहीच येत नाही, म्हणून सुटतं.

तुम्ही लिहिलंत की तुमची पिढी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून इंग्रजी शिकली, तीही पाचवीपासून. हे उदाहरण मला माझ्या बाजूचं वाटतं. त्या पाठमालेचा जीव भाषांतरात होता. मराठी वाक्य इंग्रजीत न्यायचं, इंग्रजी वाक्य मराठीत आणायचं, आणि वाक्यं पायरीपायरीने लांब होत जायची. पाचवीला सुरू करणारं मूल एकाच पायरीवर तीन-चार वर्षं उभं राहत नव्हतं. अर्थात तेव्हा हायस्कूलपर्यंत पोचणारी मुलंच कमी होती, आज सगळी येतात, हा फरक मोठा आहे आणि तो मला मान्य आहे.

आता 'प्रगत' म्हणजे मला काय म्हणायचंय ते नीट सांगते, कारण तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा अर्थ अवघड शब्द, वाक्प्रचारांच्या याद्या आणि फर्डं बोलणं असा घेतलेला दिसतो. त्यातलं काहीही मला नकोय. मला हवंय ते इतकंच: शब्द सोपे, पण वाक्यात पूर्ण विचार. अट, कारण, अपवाद, मतभेद. युरोपात भाषेच्या पातळ्या ठरवणारी जी चौकट २००१ पासून वापरात आहे, तिच्या सहा पातळ्यांपैकी तिसऱ्या पातळीवर 'आपल्या मताची थोडक्यात कारणं देता येणं' अपेक्षित असतं. म्हणजे जगाच्या हिशोबाने मी मधलीच पायरी मागते आहे. आपल्याकडे ती प्रगत वाटते, कारण आपण ती मुलांकडे मागतच नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचंच बघा ना. इंग्रजीला २५ प्रश्न, ५० गुण, आणि सगळे बहुपर्यायी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्या मुलालाही तिथे स्वतःचं एक इंग्रजी वाक्य लिहावं लागत नाही.

एक उदाहरण देते. हे वाक्य मी सातवीला फळ्यावर लिहिते: 'अनलेस इट रेन्स बाय द एंड ऑफ जून, फार्मर्स हू हॅव ऑलरेडी सोन विल हॅव टू सो अगेन.' यातले नवे शब्द दोनच, 'अनलेस' आणि 'सो'. बाकी सगळे चौथीपर्यंत येऊन गेलेले. तरीही वर्गाला विचारलं की वाक्याचा अर्थ काय, तर बहुतेक मुलं सांगतात, जूनअखेरपर्यंत पाऊस पडला तर शेतकऱ्यांना पुन्हा पेरावं लागेल. अगदी उलट अर्थ. कारण वाक्यात 'नॉट' कुठेच दिसत नाही, नकार 'अनलेस'च्या पोटात आहे. मग मी पुस्तक मिटायला सांगते आणि मराठीत विचारते, दुबार पेरणी कुणाकडे झाली होती? हात वर येतात. बियाणं किती रुपयांचं गेलं, सोयाबीन उगवलंच नाही, वडिलांनी उधारीवर पिशव्या आणल्या, असं सगळं निघतं. त्यानंतर फळ्याकडे वळलं, की पाऊस पडल्यावर पुन्हा कशाला पेरायचं, हे मुलंच एकमेकांना सांगतात. अर्थ आतून दुरुस्त होतो.

मग दुसरी गाठ. पुन्हा कुणाला पेरावं लागेल, सगळ्या शेतकऱ्यांना का? इथे वर्ग अडतो. मराठीत आपण 'ज्यांनी आधीच पेरलंय, त्यांना' अशी जोडी लावतो, किंवा 'आधीच पेरलेल्या शेतकऱ्यांना' असं नामाच्या आधी सांगून मोकळे होतो. इंग्रजी ते कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये घुसवते. मुलाला 'हॅव सोन' दिसलं की त्याला वाटतं क्रियापद सापडलं, वाक्य संपलं. पुढचं 'विल हॅव टू सो' मग कुणाचं, ते त्याला कळत नाही. ही अडचण शब्दांची नाही, वाक्याच्या रचनेची आहे, आणि शब्दार्थांच्या कितीही याद्या पाठ केल्या तरी ती सुटत नाही. मी मधला तुकडा पुसते, उरलेलं वाक्य वाचून घेते, 'कोणते फार्मर्स?' असं विचारते आणि तुकडा परत त्याच जागी लिहिते. चार-पाच वाक्यांवर असं केलं की मुलं स्वतःच मधला तुकडा बोटाने झाकून वाचायला लागतात. एका वाक्याला कधी दोन तासिका जातात. जाऊ देत. त्यानंतर मुलं स्वतःची 'अनलेस'ची वाक्यं लिहितात. भावाने सायकल परत दिली नाही तर मला चालत यावं लागेल, अशी. त्यात क्रियापदाचा 'एस' राहून जातो, स्पेलिंग चुकतं. पण अट बरोबर जागी बसलेली असते. सातवीत मला त्या 'एस'पेक्षा ती अट जास्त मोलाची वाटते.

घरी एकट्याने वाचायचा मजकूर मात्र मी खूप सोपा देते. तिथे तुमची भीती रास्त आहे. आधाराशिवाय वाचून समजायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असायला हवेत, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या संशोधनातून पुढे आलंय. पानभर अनोळखी शब्द दिले तर मूल घाबरणारच. वर्गात मी शेजारी उभी असते, म्हणून तिथे वाक्याची गाठ घट्ट असली तरी चालते. घरी नाही.

आता 'शहरी हौस' या शब्दाबद्दल. हा शब्द मला लागला, म्हणून मोकळेपणाने लिहिते. ज्या मुलांच्या घरात इंग्रजी पुस्तकं आहेत, आईवडील इंग्रजीत मेल लिहितात, त्यांना हे सगळं शाळेने शिकवलं नाही तरी मिळतं. ज्याच्या घरात यातलं काहीच नाही, त्याला शाळा हीच एक जागा. त्याला आपण आठवीपर्यंत गाळलेल्या जागा भरायला लावतो आणि त्याला पाया म्हणतो. सेमी इंग्रजीच्या वर्गांत तर हे फारच टोचतं. विज्ञानाच्या पुस्तकात 'देअरफोर', 'व्हेअरअ‍ॅज', 'ड्यू टू', 'इन द अ‍ॅब्सेन्स ऑफ' हे शब्द पानोपानी येतात. इंग्रजीचे शिक्षक म्हणतात तो विज्ञानाचा मजकूर आहे. विज्ञानाचे शिक्षक म्हणतात ती भाषा आहे, इंग्रजीच्या तासाला शिका. दोघांच्या मध्ये मूल गाईडमधलं उत्तर पाठ करतं. दहावीला तसे गुणही पडतात. मग अकरावी सायन्सला सगळंच इंग्रजीत येतं, आणि गणितात हुशार असलेली मुलगी पहिल्या सहामाहीत सांगते की मला झेपत नाही, मी आर्ट्‌सला जाते. तिला भौतिकशास्त्र झेपत नव्हतं असं नाही हो. प्रश्नातलं चार ओळींचं वाक्य उलगडायला तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. अशा मुली पाहून मला जो त्रास होतो, त्यातून तो लेख आला होता.

मराठीच्या मुळावर येण्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण इथे आपलं प्रेम एकाच बाजूला आहे. पालक मराठी शाळेतून मूल काढतात तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच सांगतात: इंग्रजी. ते कारण मराठी शाळेतच दूर करायचं, की पालकांना इंग्रजी माध्यमाच्या दारात जाऊ द्यायचं? शिवाय माझी पद्धत मराठीवाचून चालतच नाही. 'आठवडी बाजाराच्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी असावी का?' यावर मुलं आधी मराठीत भांडतात. मुद्दे मराठीत फळ्यावर येतात. मग इंग्रजीत सहा वाक्यं. त्यातलं एक वाक्य विरुद्ध बाजूचं म्हणणं सांगणारं असलंच पाहिजे, हा नियम. एका भाषेत कमावलेली विचार मांडायची ताकद दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलंय, आणि वर्गात ते रोज दिसतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक किंवा हाताला लागेल ते मराठी वाचणारी मुलंच या सहा वाक्यांत पुढे असतात. म्हणून सातवीच्या पालकांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की मुलाला मराठी वाचायला द्या.

शेवटच्या बाकावरचं मूल. सर, ते माझ्याही वर्गात आहे, एकच नाही, अनेक आहेत. काहींना अजून अक्षरांचे आवाज पक्के नाहीत. त्यांच्यासोबत मी परिपाठाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फक्त आवाजांवर काम करते. व्यंजनं लवकर बसतात, कारण देवनागरीतले आवाज त्यांच्याकडे असतात. खरा घोळ स्वरांचा असतो. एकच 'ए' अक्षर तीन शब्दांत तीन आवाज कसे काढतं, हे त्यांना पटतच नाही. पण हे काम संपेपर्यंत मी त्यांना वर्गाच्या चर्चेबाहेर ठेवत नाही. दुबार पेरणीबद्दल सगळ्यात जास्त माहिती त्यांच्यातल्याच एखाद्याला असते, आणि त्या तासाला वर्ग त्याचं ऐकतो. तो सहा वाक्यं लिहीत नाही. अर्धं वाक्य मी देते, अर्धं तो पूर्ण करतो. सगळी मुलं पोचतात असा माझा दावा नाही. पण वाट बघायला लावून ती पोचत नाहीत, एवढं मात्र आपण आठ-आठ वर्षं पाहिलंय.

ज्या शाळेत एकच शिक्षक तीन-चार वर्ग एकत्र सांभाळतो, त्यातून निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं करतो, तिथे हे जमणार नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्या शिक्षकाकडून अशी अपेक्षा करणं अन्याय होईल. तिथली मागणी शिक्षकांच्या भरतीची आहे आणि ती सरकारकडेच करायला हवी.

एक विनंती आहे. अशा शिकवण्याला सगळ्यात जास्त उणीव भासते ती उताऱ्यांची. सोपे शब्द आणि पूर्ण विचार असलेले, मुलांच्या ओळखीच्या विषयांवरचे उतारे आयते मिळत नाहीत. मी लिहिते ते माझ्या भागातल्या पेरणीचे, पाण्याच्या टँकरचे, एसटीचे. तुमच्याकडच्या मुलांना केळी आणि कापूस माहीत आहे. मे महिन्याच्या उन्हात केळीची बाग कशी वाचवतात, यावर तुम्ही दहा-बारा ओळी इंग्रजीत लिहाल का? एखादं 'अनलेस' किंवा 'ऑल्दो' येऊ द्या, आणि निदान एक वाक्य असं असू द्या, की ज्यावर सातवीतलं मूल 'नाही, हे मला पटत नाही' म्हणू शकेल. इथे प्रतिक्रियेतच टाका. जूनमध्ये मी तो उतारा वर्गात घेईन आणि मुलांनी काय लिहिलं ते तुम्हाला कळवीन.