मयत इसमाने मूळ आधारकार्डासह शाखेत हजर राहावे

कोल्हापुरात मरण स्वस्त आहे. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका दहनाचे पैसे घेत नाही, होळी आली की तालमी नि मंडळं शेणी दान करतात, खांद्याला तर अख्खी गल्ली लोटते. खर्च सुरू होतो तो रक्षाविसर्जन उरकून घरी आल्यावर, मयताचा मोबाईल वाजायला लागला की. आमचे दाजी गेले. मागे ताई, कॉलेजातली दोन पोरं, एक पांढरी गाडी आणि त्या गाडीचे उरलेले हप्ते. तेव्हापासून ती फाईल काखेत मारून मी हिंडतोय. या हिंडण्यातून जे शहाणपण पदरी पडलं ते एकट्यानं चाखणं बरं नव्हे, म्हणून घरातला कर्जदार माणूस गेल्यावर काय काय करावं ते सांगून ठेवतो. फी नाही.

सगळ्यात आधी घाबरा. रीतसर घाबरा. मांडवात एक तरी काका असतोच, जो पान चघळत सांगतो की बापाचं कर्ज पोरानं फेडल्याशिवाय आत्म्याला शांती नाही. त्यांचं ऐका. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि त्यानंतर घेतलेलं बापाचं कर्ज, निव्वळ पुत्रधर्म म्हणून पोराच्या बोकांडी बसवता येत नाही असं ठरलं, हे काकांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 50 तर 1908 पासून सांगतंय की मयताच्या मालमत्तेतून वारसाच्या हाती जेवढं आलं, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या दागिन्यातून फेडायची सक्ती नाही. पण शंभरावर वर्षं हे कुणी वाचलं नाही, तुम्हीच वाचून काय उजेड पाडणार?

मृत्यू दाखल्याची एकच प्रत काढा. प्रत्येक टेबलावर 'ओरिजिनल ठेवून जावा' म्हणतात, तेव्हा खरी मजा येते.

दाजींचं एटीएम कार्ड आणि पिन हाताशी असेल तर पैसे काढत राहा. घरचेच पैसे, कोण विचारतंय! पुढं एखाद्या वारसानं स्टेटमेंट मागवलं, तर मयतानं स्वतःच्या बाराव्याला गंगावेशीतून दहा हजार कसे काढले हे कोर्टाला समजावून सांगायचं, एवढंच. आणि भाऊबंदकी अगदी वरपर्यंत न्यायची हौस असेल तर आता मुंबईची गाडीही पकडायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या दारातच बसलंय.

याउलट सरळमार्गी असाल तर दाखला घेऊन बँकेत जा आणि खातेदार वारले म्हणून कळवा. आम्ही कळवलं. बँकेनं तत्परतेनं खातं गोठवलं. नियमच आहे, तक्रार नाही. पण गाडीचा हप्ता त्याच खात्यातून कापला जायचा. तो बाउन्स झाला. बाउन्स झाला म्हणून बँकेनं चार्ज लावला, आणि फायनान्स कंपनीनं वेगळा लावला. (कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचाही चार्ज लावतील.) मग दाजींच्या मोबाईलवर मेसेज आला, 'प्रिय ग्राहक, गैरसोय टाळण्यासाठी खात्यात पुरेशी शिल्लक ठेवा.' गैरसोय टाळायच्या पलीकडे गेलेत हो ते.

गाडी मात्र बिनधास्त फिरवा. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करायची, असा मोटार वाहन नियम आहे. पण नियमाला कोण विचारतंय! गाडीच्या विम्याचंही तसंच. मालक वारला तर पॉलिसी तीन महिने चालते, मध्येच मुदत संपली तर तेवढीही नाही. त्यानंतर ठोकलीत तर क्लेमचा फॉर्म भरायला बसू नका, पेन झिजेल. एक एजंट आम्हाला म्हणाला, "मयत दाखवूच नका ओ. जुनी सही हाय न्हवं? मी बसवतो फॉर्मवर." इतका मदतीला तत्पर माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. त्याच्या मदतीला कायद्यात बनावट दस्तऐवज म्हणतात आणि सही बसवून तो गेल्यावर पोलीस तुमच्याकडे येतात, हे तेवढं तो सांगायचं विसरला.

जामीनदाराला कळवू नका. त्याला नोटीस जाईलच. कर्जदार गेला तरी जामीनदार सुटत नाही, हे त्याला पोस्टमन सांगेल.

हातउसन्याचं एक वेगळंच प्रकरण. तिसऱ्या दिवसापासून माणसं येतात, चहा घेतात, डोळे पुसतात आणि उठताना म्हणतात, "दाजींना मी पन्नास दिलं होतं, त्याचं काय घाईचं न्हाई." कागद? "विश्वासावर दिलं होतं." दाजींनी ज्यांना दिले होते त्यांतला एकही अजून चहाला आलेला नाही. भिशीवाले आले, सोन्याच्या दुकानाचा माणूस आला. सेवा सोसायटीचे सचिव तेवढे सरळ निघाले, म्हणाले कर्जाचा बोजा सात-बारावर आहेच, वारसनोंद करून घ्या, मग बघू. लेखी असलेला माणूस घाई करत नाही, असं माझ्या ध्यानात आलं.

आता मुख्य मुद्दा. विम्याबद्दल चुकूनही विचारू नका.

कर्ज देताना कर्जदाराच्या जिवाचाही विमा उतरवलेला असू शकतो. माणूस गेला तर राहिलेलं कर्ज त्यातून फिटतं. प्रत्येक कर्जाला असतो असं नाही, पण असला तरी सांगायला कुणी घरी येत नाही. जो विचारील त्यालाच सांगतात, आणि दुःखात विचारायचं सुचत नाही. सगळा संसार त्यावर चाललाय त्यांचा. आम्हालाही सांगितलं नव्हतं. ताईच्या लेकीनं स्टेटमेंट वाचायला घेतलं म्हणून कळलं. पहिल्याच पानावर, प्रोसेसिंग फीच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ: विमा हप्ता, 11,400 रुपये. एकरकमी, आणि कर्जाच्या रकमेतच मिळवलेला. म्हणजे दाजी आपल्या मरणाच्या विम्यावर दरमहा व्याजही भरत होते.

फायनान्स कंपनीच्या शाखेत गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर, ते इन्शुरन्स दुसऱ्या कंपनीचं. आमचा काय संबंध नाही."

संबंध नाही? ताई शेजारीच उभी होती, तिनं त्याला ओळखलं. कर्ज घेताना हाच पठ्ठ्या घरी बसून चिवडा खात म्हणाला होता, "काका, इन्शुरन्सशिवाय फाईल पासच होत नाही." तेव्हा संबंध होता. हप्ता कर्जात मिळवताना संबंध होता. क्लेम मंजूर झाला तर पैसे आधी कुणाच्या कर्जखात्यात जाणार? ह्यांच्याच. तरी संबंध नाही! बरं, पॉलिसीचा नंबर द्या म्हटलं. तर तो कस्टमरला मेल केलाय म्हणे. कस्टमर वारलेत म्हटलं. मग रजिस्टर मोबाईलवर ओटीपी पाठवतो म्हणाला. ओटीपी आला, सांगितला, तर म्हणे केवायसी जुनी आहे, मूळ आधारकार्ड घेऊन कस्टमरला एकदा समक्ष यायला लागेल.

मी दाखला त्याच्यासमोर ठेवला. महापालिकेचा शिक्का, तारीख, सगळं. त्यानं तो नीट वाचला. वाचून म्हणाला, "हे बघितलं सर मी. पण सिस्टीम घेत नाही."

यमानं घेतला, सिस्टीम घेत नाही! साहेबांना भेटतो म्हटलं तर साहेब मीटिंगला. साहेब कायम मीटिंगलाच असतात, त्यांच्या दाराला कडी आतून असते. दुसऱ्या वेळी 'हेड ऑफिसला मेल टाकलाय'. तिसऱ्या वेळी पोरगाच बदलून गेलेला, नव्याला पहिल्यापासून सांगा. या सगळ्यात वसुलीवाल्यांची सिस्टीम मात्र कशी तेल घातल्यासारखी चालते! त्यांना दाखला लागत नाही, ओटीपी लागत नाही. ताईचा नंबर कुठून मिळवला विचारू नका. रात्री नऊला फोन. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये बजावलंय, तरी नऊला. घरात दिवसकार्याची तयारी चाललेली, आचारी अंगणात, आणि फोनवरचा विचारतोय, "मॅडम, पेमेंट कधी करताय? सिबिल खराब होईल." कुणाचं सिबिल रे? मेलेल्या माणसाचं? तो वर जाऊन होमलोन घेणार आहे का?

आणि नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीचे दोघं घरी आले. जिभेवर साखर. "वहिनी, घाबरू नका, आपण हप्ते लहान करून देऊ, तुम्ही फक्त इथं सही करा. औपचारिकता आहे." चार पानं. ताईनं चष्मा शोधायला घेतला तर म्हणतात, "वाचायला काय नाही ओ त्यात." मी वाचलं. गाडीच्या कर्जाला ताई कर्जदार, आणि मागच्या पानावर दाजींच्या क्रेडिट कार्डाची थकबाकीही तिच्याच नावावर. कार्डाच्या बाकीला गाडी तारण नाही, घर तारण नाही. तिच्याशी ताईचा संबंध एवढाच की दाजींची मालमत्ता तिच्या हाती येईल, त्यापुरतं देणं त्यातून जाईल. ती सही झाली असती तर मेलेल्याचं कर्ज जितीच्या गळ्यात, आयुष्यभर, तिच्या पगारासकट.

लाज वाटत नाही? ज्या बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसून पंधरवडा झाला नाही, तिला चष्माही घालू न देता सही मागता? गाडी तुमच्याकडे तारण आहे ना? मग हिशेब द्या, विम्याचा क्लेम लावा, राहिलं तर गाडी विकायची परवानगी द्या, उरलेलं वारसांना परत करा. हे सगळं तुम्हाला येतं. येत नाही असं सोंग करता, कारण दर महिन्याच्या उशिराला दंड लागतो. आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावायचं नाही हेही रिझर्व्ह बँकेनं 2023 मध्येच सांगितलंय, तेवढं स्टेटमेंट आधी दुरुस्त करा.

आणि तुम्ही, वाचून हसणारे. गाडी घेतलीत, पेढे वाटलेत, काचेवर 'आई अंबाबाई प्रसन्न' लिहून घेतलंत, पण कर्जाची फाईल कपाटात कुठल्या कप्प्यात आहे ते बायकोला माहीत आहे का? विचारलं तर 'तुला काय करायचंय त्यातलं' म्हणता. दाजीही हेच म्हणायचे. तिला काय करायचंय ते आता बघतोय आम्ही. कुणाला जामीन राहिलात, भिशीत किती गुंतलंय, कुठल्या कर्जाला विमा आहे, एका वहीत लिहायला हात मोडतात का तुमचे? पाहुण्यांनो, तुम्हीही. 'करून टाक सही, कटकट मिटेल' असं तिला सांगणारे तुम्हीच होता. तुमची सही नव्हती ना ती!

आता थट्टा सोडून सांगतो. तोंडी एक अक्षर बोलू नका कंपनीवाल्यांशी. अर्ज लेखी द्या: मृत्यूची तारीख, कर्जखाते क्रमांक, विमा आहे का, त्या तारखेला बाकी किती. दाखल्याची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि सहीसकट. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार घाला, पैसे पडत नाहीत. फिटलं की ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका, नाहीतर आरसी बुकावरचं कंपनीचं नाव तसंच राहतं.

आम्ही अर्ज दिलाय. परवा परत फोन आला, "गाडी जमा करा, नाहीतर वहिनींना सहीला पाठवा." मी म्हटलं, जे काय आहे ते लेखी दे, खाली तुझं नाव घालून. तर म्हणतो, "लेखी देता येत नाही सर."

मग फोन कशाला करतोस रे?