क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ म्हणजे किडनी ठणठणीत? नाही!

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असेल तर किडनी ठणठणीत; ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा अंदाज) म्हणजे लॅबची जादा कमाई; लघवी तपासायची गरज नाही; आकडा वाढलाच तर रोज चार लिटर पाणी प्या. चारही गोष्टी चूक आहेत, आणि पहिली सर्वांत घातक.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायू कमी असले की ते मुळातच कमी बनतं, त्यामुळे गाळणी मंदावली तरी आकडा वाढलेला दिसत नाही. १.१ हाच आकडा ईजीएफआर काढायच्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात टाका. २५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण ९६ येतो, ६५ वर्षांच्या बाईचा जेमतेम ५६. मेसेजच्या हिशेबाने दोघंही पास! प्रत्यक्षात तीन महिने उलटूनही तो ६० च्या खालीच राहिला, तर तो दीर्घकालीन किडनीविकार ठरतो.

जादा कमाईचं म्हणाल, तर ईजीएफआरला वेगळं रक्त लागतच नाही. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावर सूत्र चालतं. हा अंदाज आहे, हे खरं. आदल्या रात्रीचं मटण किंवा जिमची क्रिएटिन पावडर त्याला चकवते. अंथरुणाला खिळलेल्या माणसात सिस्टॅटिन-सी जास्त भरवशाचं; ही रक्ततपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

मग २४ तासांची लघवी साठवून त्यात किती क्रिएटिनिन बाहेर पडलं ते मोजणं जास्त अचूक? नीट साठवली तरच. सकाळची पहिली लघवी टाकून वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची धरून. कल्याणहून सीएसएमटीला जाणाऱ्याची ऑफिसातली एक लघवी कॅनबाहेर गेली, की हिशेब कमी भरतो आणि चांगली किडनी आजारी दिसते. करायचीच तर रविवारी सकाळी घरी सुरू करा.

लघवीची साधी तपासणी टाळू नका, विशेषतः मधुमेह किंवा बीपी असेल तर. ईजीएफआर ९० असतानाही अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीतून गळायला लागलेलं असू शकतं. सकाळच्या पहिल्या लघवीचं एसीआर (अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) करा. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर पुन्हा करून खात्री करा. ताप, लघवीचं इन्फेक्शन किंवा पाळी असताना नमुना देऊ नका.

राहिलं पाणी. मेच्या उकाड्यात अंगातलं पाणी कमी होऊन क्रिएटिनिन चढलं असेल, तर ते पाण्याने उतरेल. मूळचा आजार उतरणार नाही. किडनी खूपच कमी चालत असेल किंवा हृदय दुबळं असेल, तर चार लिटरने पायांवर सूज, धाप आणि रक्तातलं सोडियम घसरणं ओढवतं. अशा पेशंटने दिवसाच्या पाण्याचं माप डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं.