प्रायमरची मर्जी

काडतुसं घरी भरणं हा डोकं शांत ठेवणारा छंद आहे, असं मला हा नाद लावणाऱ्यांनी सांगितलं होतं. प्रायमर वेळेवर येत असतात तोवर ते अगदी खरं असतं.

काडतुसाला चार गोष्टी लागतात: बाकी सगळं धरून ठेवणारी पुंगळी, बंदुकीची दारू, गोळी आणि दारू पेटवणारा प्रायमर. त्यात गोळी मिरवते, दारूचा धाक असतो, पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते म्हणून तिचं कौतुक होतं. प्रायमरची कोणी विचारपूस करत नाही. छोटा प्रायमर ४.४५ मिलिमीटर व्यासाचा, मोठा ५.३३. या टिकलीएवढ्या टोपीत ठोका बसताच पेटणारा मसाला असतो, बहुतेकदा लेड स्टिफ्नेटचा. म्हणजे दुर्लक्षितही तोच आणि तापटही तोच. अशा माणसाशी वागायचा अनुभव प्रत्येक घराला असतो, पण त्याचा इथे काही उपयोग होत नाही.

प्रोग्रेसिव्ह प्रेसचं, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्राचं, काम कागदावर वाचायला फार सुंदर वाटतं. हँडल ओढलं की एका जागी जुना प्रायमर निघतो, हँडल पुढे ढकललं की नवा बसतो, पुढच्या जागी दारू पडते, त्यापुढे गोळी बसते. दर ओढीला एक तयार काडतूस! नवे प्रायमर उभ्या नळीत एकावर एक रचलेले असतात, शंभर. खालची पट्टी मागे जाऊन एक उचलते आणि पुंगळीखाली आणून ठेवते. ठेवते, असं पुस्तिकेत लिहिलंय.

न ठेवल्यास काय होतं ते पुस्तिका सांगत नाही, टेबल सांगतं. प्रायमर आला नाही म्हणून प्रेस थांबत नाही. ती त्याच उत्साहात दारू ओतते आणि पुंगळीच्या तळाच्या उघड्या भोकातून दारूचे कण निवांतपणे गळत राहतात. शेलप्लेटवर, म्हणजे पुंगळ्या धरून फिरणाऱ्या चकतीवर, तिच्याखाली, स्प्रिंगमध्ये, तुमच्या बाहीत. मग शेलप्लेट नीट फिरत नाही, ती नीट फिरत नाही म्हणून पुढचा प्रायमर तिरका बसतो, आणि आता मूळ दुखणं कुठलं आणि त्याची पिल्लं कुठली, हे ओळखायला वैद्यच हवा.

माझ्या प्रेसचं हेच झालं, आणि वैद्यांना तोटा नाही. हेल्पलाइनवरच्या गृहस्थांचा पहिला प्रश्न, “हँडल शेवटपर्यंत ओढता ना?” हो म्हटलं. “पूर्ण शेवटपर्यंत?” हा प्रश्न रास्त आहे, कारण झटका अर्धवट राहिला की पट्टी पुरती मागे जात नाही आणि रिकाम्या हाताने परत येते. पण तिसऱ्यांदा ऐकल्यावर माणसाला आपल्या दंडाबद्दल न्यूनगंड यायला लागतो. क्लबातले एक जुने नेमबाज म्हणाले, “काजळी साफ कर.” हेही खरं. जुने प्रायमर निघताना राख पडते, ती पट्टीच्या वाटेत साचते. दुसरे म्हणाले, “तेल सोड.” इथे मात्र हात जोडले. तेल प्रायमरला लागलं तर तो बाद होऊ शकतो. यंत्राला तेल हवं, यंत्रातल्या मालाला चालत नाही. तिसऱ्यांनी वरून सळई घालून ढोसायला सांगितलं. त्यांच्याशी मी आता फक्त हवामानावर बोलतो. नळीत अडकलेल्या प्रायमरला धातूच्या सळईने ढोसणं म्हणजे शंभर तापटांच्या रांगेत पहिल्याच्या डोक्यावर टपली मारणं. एक उडाला तर उरलेले मागे राहतीलच असं नाही. म्हणून तर नळीभोवती धातूचं जाड कवच असतं, आणि डोळ्यांवर चष्मा असावा लागतो.

पुंगळ्यांचीही चौकशी झाली. .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या पुंगळ्या दोन्ही मापांच्या प्रायमरसाठी निघतात, बाहेरून जुळ्या; फरक फक्त प्रायमर बसतो त्या तळाच्या खळग्यात. शंभर मोठ्या खळग्यांच्या ढिगात एक छोट्या खळग्याची शिरली की हँडल मध्येच अडतं, आणि तिथे जोर लावायचा नसतो. लष्करी पुंगळ्यांत प्रायमर हलू नये म्हणून खळग्याची कड दाबलेली असते. ती काढल्याशिवाय नवा नीट आत जात नाही. आणि ढिगात बर्डन पद्धतीची एखादी निघाली तर जुना प्रायमर काढणारी पिनच जाते, कारण तिच्या तळाला मधोमध भोक नसतं, बाजूला दोन असतात. ही पद्धत काढणारा हायरम बर्डन अमेरिकन, तिचा बोलबाला झाला युरोपात. मधल्या भोकाची पद्धत इंग्रज एडवर्ड बॉक्सरची, ती रुजली अमेरिकेत. दोघांची पेटंटं १८६६ सालची. प्रायमरने पहिल्या दिवसापासून पत्ता चुकवलेला आहे.

दर अडथळ्यानंतर शेलप्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून रिकाम्या करायच्या, हा माझा नियम. हँडल मागेपुढे झालं की कोणात दारू पडली आणि कोणात दोनदा पडली, हे आठवणीवर सोडायचं नसतं. त्यामुळे संध्याकाळभर मी काडतुसं भरण्यापेक्षा रिकामीच जास्त केली.

दोषी शेवटी सापडला तो नळीच्या खालच्या टोकाचा प्लास्टिकचा तुकडा. त्याच्या इवल्या बोटांनी प्रायमर एकेक करून सोडायचे असतात. त्यातलं एक बोट नखभर वाकलं होतं. एवढ्या लोखंडी धुडाचा कारभार त्या एका बोटावर अडलेला! नवा तुकडा बसवला आणि शंभरच्या शंभर प्रायमर गुमान खाली उतरले. प्रत्येक पुंगळीच्या तळावरून मी बोट फिरवून पाहिलं. प्रायमर किंचित आत, हवा तसा.

उरला प्रश्न या गोंधळात टेबलावरून टुणकन उडालेल्या प्रायमरांचा. ते सगळे सापडेपर्यंत या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा नाही, आत खेचला गेलेला प्रायमर आपटून फुटू शकतो, असं मी घरात गंभीरपणे जाहीर केलं. कोणीही हरकत घेतली नाही. उलट झाडू आणि टॉर्च माझ्या हातात देण्यात आले, आणि खोलीबरोबर जिनाही माझ्याकडे लागला.