मानेतल्या गाठीला बिब्बा?

रविवारी ताईचा कोथरूडहून फोन. "अरे, बिब्बा मंडईत मिळेल की काष्ठौषधीच्या दुकानात?" तिच्या पाच वर्षांच्या पोराच्या मानेत डावीकडे लिंबाएवढी मऊ गाठ आहे. सोनोग्राफीत थायमिक सिस्टची शंका आली, एमआरआय सांगितलंय. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड: "मुलांच्या मानेतली मऊ गाठ म्हणजे कोंडलेला वारा. रडताना फुगते, हाच पुरावा. बिब्ब्याचा चटका द्या, नाहीतर सुईने पाणी काढा. ऑपरेशनने प्रतिकारशक्ती कायमची जाते."

वारा आहे म्हणे, आणि सुईने काढायचं पाणी! आधी एक काय ते ठरवा. बाळ पोटात असताना थायमस, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी ग्रंथी, मानेतून छातीत उतरते. त्या वाटेचा तुकडा मागे राहून त्यात पाणी साठलं की ही गाठ. बऱ्याचदा तिचं शेपूट छातीपर्यंत गेलेलं असतं. पोर रडलं, छातीतला दाब वाढला, की मानेतला भाग फुगतो. फुगा फुगवायला दिला तरी फुगेल. शेपूट कुठवर गेलंय ते बघायलाच एमआरआय.

बिब्ब्याचं वाचून मात्र डोकं फिरलं. धोबी ज्याने कपड्यावर न जाणारी खूण करायचे, तो चीक पोराच्या गळ्याला? कातडी भाजणार, फोड येणार, आणि गाठ आत जिथल्या तिथे. आजी म्हणाली, "आमच्या वेळी सर्रास लावायचे." हो, तिच्या दंडावरचा काळा डाग आम्ही लहानपणापासून बघतोय.

सुईने पाणी निघतं, पण पिशवी आतच राहते. पुन्हा भरते.

प्रतिकारशक्तीचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. १९६१ मध्ये संशोधक जाक मिलर यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली तर प्रतिकारशक्ती ढासळते. म्हणून तर सर्जन आधी छातीतली मूळ ग्रंथी जागेवर आहे ना, हे बघून घेतात. ती असली तर मानेतली गाठ खुशाल काढता येते. पक्कं निदानही काढलेल्या गाठीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरच होतं. थायमसची खूण असलेले हॅसल कॉर्पसल, म्हणजे पेशींचे गोल पुंजके, त्यात दिसावे लागतात.

एमआरआय गुरुवारी आहे. भूल देणार, म्हणून पोराला उपाशी ठेवायचंय. ताई, फॉरवर्डवाल्या काकांना सांग, त्या दिवशी बाकरवडी घेऊन येऊ नका.