कागद चोरीला गेल्यास कागद घेऊन यावेत

आखाजीला घराला कुलूप लावून गावाला गेलात, परत आलात तर कपाट उघडं. घाबरू नका. दागिने गेले तर गेले, पण घराचं खरेदीखतही गेलं असेल तर उन्हाळाभर करमणुकीची सोय झाली म्हणून समजा.

आधी पोलीस ठाणं गाठा. तिथं 'चोरी' म्हणू नका, वाईट दिसतं. 'गहाळ' म्हणा. कडी तुटलेली असली तरी कागद आपणहून फिरायला गेले, असं लिहून द्या.

मग प्रतिज्ञापत्र, वकील, पेपरात जाहीर नोटीस. ती निधनवार्तेशेजारी छापून येते, ते योग्यच.

घरपट्टीची पावती जपा. ती चोरही नेत नाही.

शेजारच्या आप्पांना भेटा. "मी तुले पहिलेच सांगेल व्हतं, भो," एवढं ऐकून या.

आता नक्कल काढायला दुय्यम निबंधकाकडे. "दस्त क्रमांक?" साहेब, तो दस्तावरच होता. "मग दस्त आणा." दस्त चोरीला गेलाय. "मग झेरॉक्स आणा." ती त्याच पिशवीत होती. "ऑनलाइन बघा." ऑनलाइन शोध 2002 पासूनचा, माझं खरेदीखत 1994 चं. "जुनी सूची काढायला माणूस नाही." दुसऱ्या खेपेला माणूस होता, सर्व्हर नव्हता. आता 1994 च्या कागदी बाडाला सर्व्हर कशाला लागतो? तिसऱ्या खेपेला माणूस चहाला, चौथ्या खेपेला रजेवर. बाहेर 44 डिग्री, आत पंखा एकच, तोही टेबलापलीकडे तोंड करून. आणि गेटवरचा एजंट म्हणतो, "दोन हजार द्या भाऊ, संध्याकाळी घेऊन जा." म्हणजे संध्याकाळी माणूसही असतो, सूचीही सापडते!

लाज वाटत नाही? नंबर नसला तर नावावरून सापडावं म्हणून तर सूची करतात. नोंदणी कायदा 1908 चा, त्याचं कलम 57 वाचा. फी भरणाऱ्या कुणालाही ती दाखवावी लागते, नक्कल द्यावी लागते. आणि ठाणेदार, कुलूप तोडून घरातून नेलं त्याला चोरीच म्हणतात, फिर्याद घ्या. तिची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची असते, चहापाण्यावर नाही. चोरानं एका रात्रीत काम उरकलं, तुम्हाला चार खेपांत एक बाड उघडता येईना.

सोमवारी पाचव्यांदा येतोय. अर्ज लेखी आणि दोन प्रतींत आहे. एकीवर पोच हवी, सही-शिक्क्यासकट.