पितळी पाटीवरचा रंग म्हणजे मीना नव्हे

सांगलीत व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज म्हणतो की, पितळी पाटी-तांब्यावरच्या कोरीव नावांत भरलेला रंग हा 'भट्टीतला मीना' असतो, कितीही घासा, जात नाही. नावं कोरणारा म्हणून सांगतो, हे खरं नाही.

मीना म्हणजे काचेची पूड. ती साधारण ७५० ते ८५० अंशांवर वितळून धातूला चिकटते. पितळेत जस्त असतं, म्हणून त्यावर मीना सहसा नीट धरत नाही. सोनं, चांदी, तांबं यांची गोष्ट वेगळी. आम्ही भरतो तो रेझिनचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा रंग. त्यात हार्डनर (तो कडक करणारं द्रव्य) मिसळायचा, कोरलेल्या रेघेत थोडा उंच भरायचा आणि दिवसभर सुकू द्यायचा. मग पाण्याच्या पॉलिशपेपरनं वरचा थर धातूबरोबर सपाट करायचा. भट्टी नाहीच.

टिकतो का? टिकतो, पण कोरणी खोल हवी आणि भरण्याआधी तेलाचा अंशही राहता कामा नये. उथळ ओरखड्यातला रंग सुटतो, त्यात दोष रंगाचा नसतो. (घाई गिऱ्हाइकाची, बोल आम्हाला!) राखेनं खसाखसा घासलं तर चमक जाते, ॲसिटोननं रंग मऊ पडतो. डाग (तापवून धातूचा जोड) द्यायचा असेल तर रंगाआधीच द्यावा, नंतर दिला की रंग जळतो.