अँटिबायोटिकची सवय शरीराला होत नाही

क्षयाच्या गोळ्या चालू असलेल्या माझ्या मावसभावाला कोणीतरी एक मेसेज पाठवला. तो वाचून त्याने मला विचारलं, ‘मध्ये पंधरा दिवस गोळ्या बंद ठेवू का?’ म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो: अँटिबायोटिकची शरीराला सवय होते, म्हणून अधूनमधून खंड द्यावा, ज्यांनी ही औषधं कधी घेतली नाहीत त्यांना रेझिस्टन्सची (जंतू औषधाला दाद न देण्याची) भीती नाही, सुपरबग, म्हणजे अनेक औषधांना न जुमानणारे जंतू, प्रयोगशाळेत बनवले, आणि जंतूंचा जिनोम, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए, वाचणं हा पैसे उकळण्याचा धंदा आहे.

पहिला मुद्दा जीव घेणारा आहे. सवय शरीराला होतच नाही, बदलतो तो जंतू. रिफॅम्पिसिन हे औषध क्षयजंतूच्या एका प्रथिनाला चिकटून त्याचं काम थांबवतं. त्या प्रथिनाच्या जनुकात, आरपीओबीमध्ये, एका ठरावीक जागी डीएनएचं एकच अक्षर बदललं की प्रथिनातल्या ४५० व्या स्थानी सेरीन या घटकाऐवजी ल्युसीन येतं आणि औषध तिथे नीट बसत नाही. असे बदल योगायोगाने होतात. फुप्फुसातल्या कोट्यवधी जंतूंमध्ये असे मोजके आधीच असू शकतात. एकटं औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि यांना रान मोकळं होतं. म्हणूनच अनेक औषधं एकत्र देतात, एकातून निसटलेला दुसऱ्यात सापडावा म्हणून. स्वतःच्या मनाने खंड दिला की उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि त्यांच्यात नव्या बदलांना संधी मिळते. क्षयाच्या रुग्णाला ‘शरीराला विश्रांती द्या’ सांगणाऱ्याला काय म्हणावं!

‘औषध घेतलं नाही, म्हणजे भीती नाही’ हेही खोटं. रेझिस्टंट जंतू एकाकडून दुसऱ्याला लागतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या रुग्णालयात क्लेबसिएला न्यूमोनिया नावाच्या रेझिस्टंट जंतूची साथ आली. पहिली रुग्ण घरी गेल्यावर काही आठवड्यांनी दुसरा रुग्ण सापडला, त्यामुळे दोघांचा संबंध आहे की नाही हेच कळेना. जंतूंचे जिनोम अक्षरागणिक ताडून पाहिले तेव्हा साखळी त्या पहिल्या रुग्णापर्यंत पोचली. काही जण लक्षणांशिवाय जंतू बाळगून होते, त्यामुळे आजार दिसल्याचा क्रम आणि लागण झाल्याचा क्रम वेगळा निघाला. एकूण १८ जणांना लागण झाली, ११ दगावले, त्यांतले ६ या संसर्गाने. हा अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये आला. जिनोम वाचून काय मिळतं याचं उत्तरही त्यातच आहे.

प्रयोगशाळेच्या आरोपावर फार वेळ घालवत नाही. तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतल्या डीएनएमध्येही रेझिस्टन्सची जनुकं सापडली आहेत. तेव्हा कोणती प्रयोगशाळा होती?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. सर्दी-फ्लूला अँटिबायोटिक घेऊ नका, ही मेसेजमधली ओळ बरोबर आहे. आणि जिनोमवरून सगळं कळतं असंही नाही. जनुक असूनही कधी औषध लागू पडतं, म्हणून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्यावर औषध तपासणं, अजून लागतंच. पण क्षयाच्या कल्चरला आठवडे जातात. २०१८ मध्ये दहा हजारांहून जास्त नमुन्यांवर झालेल्या अभ्यासात, पहिल्या फळीतली चार औषधं चालतील की नाही हे जिनोमवरून बहुतांश वेळा अचूक सांगता आलं. ते आठवडे रुग्णाने चुकीच्या औषधावर का काढायचे?